कैद्यांचे कसले हो लाड?

संपादक महोदय, नमस्कार.

कालच्या अंकात 'आजारी कैद्यांना सरकारी पाहुणचार' असं पत्र छापलंत ते वाचून डोकं उठलं. लिहिणारे सज्जन असतील, पण त्यांनी कैद्याची कॉट लांबून तरी बघितलीय का? मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, बरीचशी मेल सर्जिकल वॉर्डला, तो पाहुणचार मीच केलाय, मला विचारा.

गणपती चार दिवसांवर आलेले. एक कच्चा कैदी आणला, साठीचा, शुगरवाला, पायाच्या अंगठ्याला जखम. ड्रेसिंग केलं, डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, दर तिसऱ्या दिवशी आणा. पुढच्या तारखेला आलाच नाही, त्याच्या पुढच्याही नाही. का, तर गार्ड नाही. कैदी बाहेर काढायचा तर पोलीस गार्ड लागतो, तो येतो हेडक्वार्टरकडून, आणि तेव्हा हेडक्वार्टरचा माणूस न् माणूस हायवेवर चाकरमान्यांच्या गाड्या सोडायला. जखमेला काय ठाऊक गणपती आहेत ते! आणला तो गौरी-गणपती गेल्यावर, आणि पायाला पट्टी तीच, मी मारलेली चिकटपट्टी ओळखली मी. सोडवली तर अंगठा काळाठिक्कर, वास असा की बाजूच्या पेशंटचे नातेवाईक उठून व्हरांड्यात गेले. अंगठा गेला, मागोमाग दोन बोटं.

ऑपरेशननंतर परत बेडीने कॉटला बांधलेला. पळणार कुठे, त्या पायाने? बेडपॅन द्यायला गेले तर हवालदार चहाला गेलेला, चावी त्याच्या खिशात, म्हातारा रडकुंडीला आलेला. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने कैदी पेशंटला असं बांधण्यावरून झापलंय, मॅजिस्ट्रेटला विचारल्याशिवाय बेडी नाही म्हणून. हे हवालदाराला सांगितलं तर म्हणतो, "सिस्टर, पळाला तर सस्पेंड मी होणार, कोर्ट नाही." त्याचंही खोटं नाही म्हणा.

आणि कैदी म्हणजे गुन्हेगारच हे कुणी ठरवलं? देशातल्या जेलांत चारातले तीन कच्चे कैदी, २०२२ चा सरकारी आकडा आहे, म्हणजे केस अजून चालूच. आमच्या म्हाताऱ्याची केस गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणावरून, झालेल्या मारामारीची. अहो इंग्रजांच्या १८९४ च्या कायद्यात सुद्धा आजारी दिसणाऱ्या कैद्याचं नाव ताबडतोब जेलरला कळवा असं आहे. कळवतात हो, पुढे गाडी असेल तर गार्ड नाही, गार्ड असेल तर गाडी नाही. पत्रलेखकांना हा पाहुणचार हवा असेल तर त्यांनी जरूर घ्यावा.

जाता जाता, त्याच अंकात आमच्या संपाच्या बातमीत तीनदा 'नर्सबाई' छापलंय. पदाचं नाव अधिपरिचारिका आहे. डॉक्टरांना कधी 'डॉक्टरबुवा' लिहिलंत का?

एक निवृत्त सिस्टर, जि. रत्नागिरी