काकू, तो एक दिवस तुमच्यामुळे

ती. स्व. काकूंना सा. न. वि. वि.

पत्र खरं तर तुम्हालाच लिहायचं होतं. पण मंडळाच्या संक्रांतीला एकांनी तिळगूळ हातावर ठेवता ठेवताच विचारलं, “स्वतःचाच जीव वाचवला ना दादाने, मग कबूल कशाला झाला?” म्हटलं, आता सगळ्यांसमोरच लिहू.

त्या रात्री पार्किंगमध्ये दोघे अंगावर आले आणि दादाने डिकीतला जॅकचा दांडा उचलला. एकाचा हात मोडला. घातक शस्त्राने हल्ला, हे कलम लागलं. कॅलिफोर्नियात त्याला चार वर्षांपर्यंत तुरुंग. ज्युरीतले नऊ जण दादाच्या बाजूने, तीन विरुद्ध. इथे बाराच्या बारा लागतात, त्यामुळे नऊ काय नि अकरा काय. मला तर जिंकल्यासारखंच वाटलं. तुम्ही माझा हात दाबलात, “थांब गं, सुटला नाहीये तो. पुन्हा खटला चालवू शकतात.” बाबांना लगेच मुंबईचा जुना नानावटी खटला आठवला (ज्युरी म्हटलं की त्यांना दुसरं काही आठवतच नाही): तिथे आठ विरुद्ध एक निर्दोष म्हणाले, तरी न्यायाधीशांनी प्रकरण हायकोर्टात धाडलंच. कोर्टाबाहेरच्या बाकावर तुमच्या डब्यातली दशमी खाताना आम्ही हसलो, त्या आठवड्यात पहिल्यांदा.

मग सरकारी वकिलांकडून ऑफर आली, गुन्हा कबूल करण्याच्या बदल्यात. तेच कलम, पण प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेख; वर्षाची शिक्षा, तीही स्थगित. दादा सहीला तयार. तुम्ही एवढंच विचारलंत, “वकिलाला ग्रीन कार्डाचं विचारलं का?”

नव्हतं विचारलं. वकिलांनीही सांगितलं नव्हतं, आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या 2010 च्या पाडिया निकालापासून ते सांगणं वकिलाचं कामच आहे. हिंसेच्या गुन्ह्यात वर्षाची शिक्षा, भले स्थगित असो, म्हणजे ग्रीन कार्डवाल्याच्या मागे हद्दपारी. 364 दिवस असले तर हद्दपारीचं ते कलम लागत नाही. एका दिवसाचा फरक! इमिग्रेशनच्या वकिलाकडे तुम्हीच गाडी काढून नेलंत. शेवटी गुन्हा किरकोळ वर्गात उतरला, जास्तीत जास्त 364 दिवसांचा.

कबुलीच्या फॉर्मवर एकेक हक्क सोडल्याची आद्याक्षरं चौकटीत घालायची असतात. ‘ज्युरी’च्या चौकटीपाशी दादाचं पेन थांबलं. तुम्ही चष्मा पुसत राहिलात. ‘कर’ म्हणाला नाहीत, ‘नको’ही नाही. इतकी वर्षं कोर्टात दुभाषी म्हणून दुसऱ्यांचं बोलणं पोचवलंत, पदरचा शब्द न घालता. त्याचीच सवय असावी.

दादाने ‘नो कॉन्टेस्ट’ म्हटलं, म्हणजे ‘आरोपाला विरोध नाही’; ‘मी गुन्हा केला’ असं त्याला तोंडाने म्हणावं लागलं नाही. कागदावर मात्र तो दोषीच आहे. दुसऱ्यांदा बाराही मिळाले असते, असं त्याला अजून वाटतं. मलाही वाटतं कधी कधी, तिळगूळ घेताना तर जास्तच.

तुमचा डबा आमच्याकडेच राहिलाय. रविवारी घेऊन येते. वहिनीला दशमी शिकायची आहे, तिलाही आणते.

तुमची,
दादाची धाकटी बहीण