ओउनपूच्या सिनेमाला हसायची बंदी आहे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत वेइको ओउनपू या एस्टोनियन दिग्दर्शकावर चक्क पाऊण पान पाहिलं. आधी त्याबद्दल आभार. आता तक्रार. अख्खा लेख उदासी, एकाकीपण आणि काँक्रीटच्या भिंती यांतच अडकून पडला आहे. या माणसाचे सिनेमे पोट धरून हसवतात, याचा पत्ताच नाही. लेखकमहाशयांनी ते पाहिले, की सुतकात बसून महोत्सवाचं माहितीपत्रक वाचलं?

‘द टेम्प्टेशन ऑफ सेंट टोनी’ची (२००९) सुरुवातच घ्या. समुद्रकाठून नायकाच्या बापाची अंत्ययात्रा चालली आहे. तेवढ्यात वरून एक मोटार येऊन वाळूत आपटते. आणि मंडळी? आपली पुढे चालू लागतात! इथे हसायचं नाही तर कुठे?

पण आपल्याकडे हसू देतात कुठे! काही वर्षांपूर्वी एका फिल्म सोसायटीत ओउनपूचाच ‘ऑटम बॉल’ दाखवला. त्यातला हॉटेलच्या दारावरचा थिओ बायका पटवण्यात पटाईत, पण कितीही पटल्या तरी जगाच्या लेखी हा दरवानच. मला हसू आवरेना. पुढच्या रांगेतल्या झब्बेवाल्या गृहस्थांनी वळून ‘शुक्’ केलं. चहाच्या वेळी संयोजकांपैकी एकाने बाजूला घेऊन समजावलं, ‘काका, गंभीर सिनेमा आहे.’ गंमत अशी की पडदा इतका खाली टांगला होता की सबटायटल्सची दुसरी ओळ संयोजकांच्याच फ्लेक्सवर, नेमकी प्रायोजकांच्या नावांवर पडत होती. म्हणजे मला गप्प करणाऱ्यांनी निम्मे संवाद वाचलेच नव्हते. तुमच्या लेखकाची जागा त्याच रांगेत असावी असा दाट संशय आहे.

उदासी नाही असं मी म्हणत नाही. ‘ऑटम बॉल’मधल्या, एस्टोनियाची राजधानी टालिनच्या लासनामेए भागातल्या त्या सोव्हिएत काळातल्या इमारती, बायको ज्याला सोडून गेली तो माती नावाचा माणूस, लहान मुलीशी मायेनं वागून संशयात सापडलेला म्हातारा न्हावी, हे सगळं जिव्हारी लागतंच. पण ते लागतं ते आधी हसवून घेतल्यामुळे.

आणखी एक. २००७ साली व्हेनिस चित्रपट महोत्सवात ‘ऑटम बॉल’ला ओरिझोन्ती नावाच्या विभागाचा पुरस्कार मिळाल्यावर दिग्दर्शक ‘विस्मृतीत गेला’, असं तुमचा लेख म्हणतो! ‘सेंट टोनी’, ‘फ्री रेंज’ (२०१३) आणि फिनलंडच्या उत्तर टोकाला, लॅपलंडमध्ये घडणारा ‘द लास्ट वन्स’ (२०२०) हे तिन्ही सिनेमे एस्टोनियाने ऑस्करसाठी पाठवले. नामांकन एकालाही नाही. ते मिळालं एस्टोनियानेच पाठवलेल्या ‘टँजरिन्स’ला, आणि त्याचा दिग्दर्शक जॉर्जियाचा! तेरा-साडेतेरा लाख वस्तीच्या देशाने आपला माणूस तीनदा पाठवावा आणि मान मिळावा पाहुण्याला, हा प्रसंग ओउनपूनेच लिहिल्यासारखा वाटतो. विस्मृतीत तो गेला असेल तर आपल्या पुरवणीच्या, तिकडे नाही.

जाता जाता : करड्या रंगावर पांढरी अक्षरं छापण्याची कल्पना ज्या कुणाची असेल, त्याला तो लेख एकदा ट्यूबलाइटखाली वाचायला लावा. भिंग घेऊनही शेवटचा स्तंभ मला लागला नाही. शिवाय त्या पाऊण पानापायी शब्दकोड्याचं उत्तर गाळलंत. आडवा चौदा काय होता, तेवढं तरी कळवा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, नाशिक