फाईल आणायला गेलेल्या साहेबांस

प्रिय साहेब,

साहेब म्हटलेलं आवडत नाही, हे तुम्ही त्या दिवशी दोनदा सांगितलंत. पण नाव लिहू नका हेही तुम्हीच सांगितलंत. "नाहीतर उद्या गेटवर रांग लागेल, ताई." तेव्हा आता साहेबावरच भागवून घ्या.

पंधरा दिवस झाले तुमच्या बोगद्याच्या कामावर येऊन. रोज रात्री ओटा आवरताना वाटायचं, आज लिहू. लिहायला बसलं की घशाशी काहीतरी यायचं आणि कागद तसाच राहायचा. आज बाबांनीच विचारलं, "त्या पोराला कळवलंस का गं?" म्हणून बसलेय.

बाबांना वावर्ल्याचा बोगदा का बघायचा होता, हे फोनवर तुम्हाला नीट सांगताच आलं नाही मला. माणूस 83 वर्षांचा. 37 वर्षं रेल्वेत काढली, त्यातली बहुतेक कर्जत-लोणावळा घाटात. गँगमन म्हणून, म्हणजे रुळांची डागडुजी करणाऱ्या टोळीत लागले, कीमन म्हणून, म्हणजे रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या चालत तपासणारा म्हणून, निवृत्त झाले. पनवेल-कर्जत नव्या लोकल मार्गावर 2625 मीटरचा बोगदा होतोय ही बातमी त्यांनी पेपरात वाचली आणि कात्रण कापून पाकिटात ठेवलं. "ठाण्याच्या पारसिक बोगद्याच्या दुप्पट," असं दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. माझा भाऊ म्हणाला, यूट्यूबवर आहे की व्हिडिओ. बाबांनी पाहिला. म्हणाले, "ह्यात वास येत नाही."

मग मी अर्ज करत सुटले. तीन पत्रं गेली, उत्तर एकाचंही नाही. एका कार्यालयात जाऊन उभी राहिले तर टेबलापलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, ती काय पिकनिकची जागा आहे का?" आणि शेजारच्याकडे बघून हसले. प्रश्न चुकीचा नव्हता. चालू कामावर एवढ्या म्हाताऱ्या माणसाला कोण कशाला सोडेल? नाही म्हणाले असते तर मी मुकाट घरी आले असते. ते हसणं तेवढं अजून जात नाही डोक्यातून.

तुमचा नंबर मला कसा मिळाला, ते राहू दे.

दादरहून कर्जत फास्ट पकडली. सकाळी गर्दी सगळी मुंबईकडे, आम्ही उलटे, त्यामुळे खिडकी मिळाली. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, वरच्या खिशात निवृत्तीचं कार्ड. सकाळपासून चहाचा घोट घेतला नव्हता, पाणीसुद्धा नाही. का, ते तुम्हाला नंतर कळलंच. प्रोस्टेटचा त्रास, लोकलमध्ये संडास नाही आणि प्रवास दोन तासांचा. आपल्याकडची म्हातारी माणसं प्रवासात तहानेवर ताबा ठेवतात आणि आपल्याला वाटतं यांना तहानच लागत नाही.

कळवा गेल्यावर ते खिडकीशी सरसावून बसले. पारसिकचा काळोख येईल म्हणून. तो आलाच नाही. मी सांगितलं, 2022 साली पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, आता फास्ट लोकल बाहेरून जाते, बोगदा मेल-एक्सप्रेसला. "1916 चा बोगदा आहे तो," एवढंच म्हणाले आणि मागे टेकले.

पुढे एका स्टेशनवर मध्येच उतरावं लागलं. शौचालयाला कुलूप. तिथल्या माणसाला विचारलं तर चावी दुसऱ्याकडे, आणि तो दुसरा जेवायला. सकाळी दहाच्या आत! "मागे रुळांकडेला जा ना आजोबा, सगळे तिथेच जातात." बाबा गेले नाहीत. घाटात ड्यूटीवर असताना जंगल होतं, ते वेगळं. स्टेशन हे माणसांचं ठिकाण आहे, असं त्यांचं म्हणणं. रुळांच्या चाव्या सांभाळत राबलेल्या कीमनला त्या दिवशी चावी मिळाली नाही. पुढच्या गाडीने आम्ही कर्जत गाठलं. तिथे घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटणारी बँकर इंजिनं उभी होती. घरच्या बैलांकडे बघावं तसं बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं.

तुमच्या कामावर आल्यानंतर काय काय झालं, ते तुम्हाला माहीतच आहे. हेल्मेट, नारंगी जॅकेट, रजिस्टरवर सही. एक गोष्ट मात्र तुमच्या लक्षात आली की नाही, कोण जाणे. बोगद्याच्या तोंडाशी बाबा थांबले आणि त्यांनी दीर्घ श्वास घेतला. ओल्या सिमेंटचा, डिझेलचा आणि फोडलेल्या दगडाचा वास. व्हिडिओत नव्हता तो हा.

मग त्यांनी खाली बघितलं. "खडी कुठाय?"

तुम्ही सांगितलंत, इथे खडी येणारच नाही, काँक्रीटच्या पट्टीवरच रूळ बसणार. बाबा माझ्याकडे बघायला लागले, जणू मी काहीतरी चोरलंय. खडी भरायची, ठोकून पक्की करायची, पावसाने धुऊन नेली की पुन्हा भरायची, यातच त्यांची जवानी गेली. वाकून त्यांनी काँक्रीटवर हात फिरवला. "मग गँगला काम काय?" तुम्ही हसला नाहीत. "आजोबा, काम कमी होईल, पण बघणारा माणूस लागेलच," असं म्हणून उलट त्यांनाच विचारलंत, पावसाळ्यात घाटात बोगद्याची पाहणी कशी करायचात? तिथून पंधरा मिनिटं बाबा बोलत होते. कंदील, हातोडा, पाना, झेंडे, वरून दगड सुटला तर गाडी थांबवायला रुळावर लावायचे फटाके. जामरुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल. आजूबाजूची सहा-सात पोरं काम थांबवून ऐकत होती. सून जेव्हा म्हणते "बाबा, हे सांगून झालंय," तेव्हा जे ते गिळतात, ते सगळं तिथे बाहेर पडलं.

आणि बोलता बोलता त्यांचा पाय हलायला लागला. या पायावरून त्या पायावर. मला कळलं, पण मी काय करणार होते? सहा-सात परक्या पोरांसमोर मुलीने वडिलांना विचारायचं, लागली आहे का? त्यांनी मला तिथेच मारून टाकलं असतं. मी नुसती घामाघूम.

तुमचं वाक्य मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "आजोबा, मला ऑफिसातून एक फाईल घ्यायचीय. जरा येता का सोबत? मग पुढचं तिथेच सांगा."

एवढंच. बाकीच्यांना वाटलं, साहेब पाहुण्यांना ऑफिस दाखवायला नेतायत. तुम्ही त्यांचा हात धरला नाहीत. नुसतं आपलं कोपर पुढे ठेवलंत, लागलं तर धरा, नाही तर नको. चाल त्यांच्याएवढी कमी केलीत. त्या पत्र्याच्या कंटेनरपर्यंत जेमतेम शंभर पावलं असतील, बाबा अर्धी पावलं कोपर धरून चालले आणि उरलेली स्वतःच्या पायांवर. दहा मिनिटांनी मला आत बोलावलंत तेव्हा बाबा पंख्याखाली बसून चहा पीत होते, दिवसातला पहिला. समोर नकाशा पसरलेला. पनवेल, चिखले, मोहोपे, चौक, कर्जत, सगळी पाच स्टेशनं त्यांनी मला बोटाने दाखवली, जसा काही मार्ग त्यांनीच आखलाय.

माणुसकी हा शब्द मला वापरवत नाही, निवडणुकीच्या बॅनरवर फार झिजलाय. माझ्या सासूबाई म्हणायच्या, वाढणाऱ्याने पानाकडे बघावं, जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये. तुम्हाला हे कोणी शिकवलं? इंजिनिअरिंगला तर असला पेपर नसतो. घरी आई-आजी असतील त्यांना माझा नमस्कार सांगा.

परतीच्या गाडीत बाबा गप्प होते. मला वाटलं, दमले. नेरळ गेलं, बदलापूर गेलं. अंबरनाथच्या आसपास खिडकीबाहेर बघतच म्हणाले,

"त्याने फाईल घेतलीच नाही."

"कोणी?"

"त्या पोराने. रिकाम्या हातानेच परत आला."

आपली,
एका कीमनची मुलगी
परळ, मुंबई