उसाला कायदा आहे, डाळिंबाला देव

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला उदयोन्मुख अर्थव्यवस्थांवरचा लेख वाचला. भारत, ब्राझील, इंडोनेशिया, व्हिएतनाम अशा देशांनी मध्यम उत्पन्नाच्या सापळ्यातून, म्हणजे गरिबी सरली तरी श्रीमंती येत नाही अशा अवस्थेतून, कसे सुटावे, यावर त्यात बरेच लिहिले आहे आणि त्यातले पुष्कळ मला पटलेही. पण जाता जाता लेखकाने आमच्या दुष्काळी पट्ट्याला एक टोला लगावला आहे. उपसा सिंचनाचे पाणी दारात आले आणि शेतकऱ्याने त्यावर ऊसच लावला, तेव्हा आधी त्याची मानसिकता बदलली पाहिजे, असा त्याचा सूर आहे.

तो ऊस लावणारा मी. विट्याच्या पूर्वेला आमची साडेचार एकर जमीन आहे. त्यातल्या पावणेतीन एकरांत आज ऊस उभा आहे. तेव्हा मानसिकतेबद्दल थोडे सांगतो.

खानापूर-आटपाडीच्या माणसाची मानसिकता एकेकाळी एकच होती, गाव सोडायची. पाऊस नाही म्हणून आमची माणसे सोन्याचांदीच्या गलाईत, म्हणजे वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात, गेली. देशातल्या कुठल्याही मोठ्या शहरात सराफ पेठेच्या मागच्या बोळात शिरा, भट्टीपुढे आमच्या भागातला कुणीतरी बसलेला सापडेल. मी सोळाव्या वर्षी चुलत्यांबरोबर केरळात गेलो. मूस, कोळसा, तेजाबाचा धूर आणि रात्री दुकानाच्याच माळ्यावर झोप. एकवीस वर्षे काढली. गावाकडे पैसा आला, बंगले झाले, ग्रामदैवताच्या देवळाला संगमरवर लागला. बंगल्यांना मात्र कुलपे, आणि राखणीला म्हातारी माणसे. पलीकडे माण-खटावचा माणूस मुंबईत आधी गिरणीत गेला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या तेव्हा मिळेल तिथे हमाली-माथाडीत शिरला. फिलिपिन्स आणि नेपाळची उदाहरणे देऊन अर्थतज्ज्ञ ज्याला रेमिटन्स म्हणतात, त्याला आमच्याकडे मनीऑर्डर म्हणत. मनीऑर्डरीवर घर चालते. गावात कारखाना निघत नाही.

निघालेच नाहीत असे नाही. औंध संस्थानच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, कराडजवळ ओगलेवाडीला काच कारखाना निघाला आणि त्याचा प्रभाकर कंदील घरोघर लागला. संस्थानिकाने जागा द्यायची आणि उद्योजकाने तिथे नांगर करायचे, काच करायची, अशी जोडी पुढे आमच्याकडे फारशी जमली नाही. नंतरचा सगळा जीव साखरेत गेला.

टेंभू योजनेला १९९६ मध्ये मंजुरी मिळाली. कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलायचे आणि टप्प्याटप्प्याने चढवत आमच्या माळापर्यंत आणायचे. त्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींसारख्यांनी आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या, मोर्चे निघाले. आमच्या वडिलांच्या पिढीने 'पाणी येणार' हे इतक्या वेळा ऐकले होते की खरोखर आले तेव्हा ओढ्यात उतरून लोक रडले. मी तेव्हा केरळातले दुकान भावाकडे सोपवून गावी आलो होतो. शुद्ध सोन्याच्या व्यवहारातला माणूस, वाटले, शेतीही टंच, म्हणजे कस, बघूनच करू.

पहिल्यांदा डाळिंब लावले. तीन वर्षे बरे चालले, मग तेल्या रोग आला. फवारण्या, सल्ले, पुन्हा फवारण्या. शेवटी झाडे उपटून बांधावर पेटवली. नंतर दोन एकर द्राक्ष. मंडप, ठिबक, औषधे यांचा खर्च इथे लिहीत नाही, बायको वाचेल. फेब्रुवारीतल्या एका अवकाळी पावसात निम्मा माल गेला. उरलेला एका दलालाने पाहिला, दर ठरवला, दोन गाड्या भरल्या, थोडी रक्कम हातावर ठेवली आणि फोन बंद केला. त्याचे नाव लिहिण्यात अर्थ नाही. तासगाव-पलूसच्या बागायतदारांना विचारा, प्रत्येकाकडे असे एक नाव असते. पोलिसांत गेलो तर साहेब म्हणाले, "लिखापढी काय केली होती?" काहीच केली नव्हती. या धंद्यात कुणीच करत नाही.

मग ऊस लावला.

उसाला गारपीट लागत नाही असे नाही, पण तो त्यात नासत नाही. बाजारात नेऊन दर विचारावा लागत नाही. तोडणी-वाहतूक कारखाना बघतो, सोसायटीचे कर्ज बिलातूनच वळते होते, म्हणून सोसायटी उसाला कर्ज द्यायला मागेपुढे बघत नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, उसाला कायदा आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याज. दर केंद्र सरकार ठरवते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के रिकव्हरीला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या उताऱ्याला, क्विंटलमागे ३५५ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, रिकव्हरीत काय होते ते कारखान्यालाच ठाऊक, तोडणीच्या टोळीला एंट्री, म्हणजे वरचे पैसे, द्यावे लागतात, वजनकाट्याबद्दल न बोललेले बरे. तरी शेवटी खात्यावर काहीतरी जमा होते. राज्य सरकारने २०२२ मध्ये ही रक्कम दोन हप्त्यांत द्यायला परवानगी दिली, तेव्हा शेतकरी कोर्टात गेले आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. डाळिंबवाल्याने कुठल्या कलमाखाली कोर्टात जायचे? पळालेल्या दलालावर साखर आयुक्तासारखा कोणता आयुक्त जप्तीची नोटीस काढतो?

म्हणजे आमच्याकडे ऊस हे पीक कमी आणि विमा जास्त आहे. राज्याची एक रुपयातली पीक विमा योजना २०२३ मध्ये आली आणि २०२५ मध्ये गेलीही. ऊस कुठे जात नाही.

याची किंमत मला कळत नाही असे लेखकाने समजू नये. राज्यातल्या लागवडीच्या चार टक्क्यांहूनही कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी पितो, असे कृषिमूल्य आयोगानेच म्हटले आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या वीजबिलातले ८१ टक्के सरकार भरते, आम्ही १९. आता ब्राझीलशी तुलना करायचीच तर इथे करा. साओ पावलोकडचा बहुतेक ऊस पावसावर वाढतो. आम्ही नदी डोंगरावर चढवून, विजेचे बिल सरकारला भरायला लावून साखर करतो आणि मग तीच साखर जगाच्या बाजारात ब्राझीलच्या साखरेशेजारी नेऊन ठेवतो. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आपल्या ऊसदराच्या आणि साखर निर्यातीच्या मदतीविरुद्ध तक्रार केली, २०२१ च्या डिसेंबरात निकाल आपल्याविरुद्ध गेला. आपण अपील केले. अपील ऐकणारे मंडळच अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे बंद पडले आहे, म्हणून निकाल लटकला. शेतीच्या वादात आमच्या तालुका कोर्टातही असेच होते, त्यामुळे फारसे नवल वाटले नाही.

लेखात ब्राझीलच्या इथेनॉलचे, म्हणजे उसापासून केलेल्या इंधनाच्या अल्कोहोलचे, कौतुक आहे, पण अर्धेच. १९७५ मध्ये तेलाच्या झटक्यानंतर त्यांनी ते सुरू केले, लोकांनी नुसत्या अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्या घेतल्या आणि ऐंशीच्या दशकाअखेरीस पंपावर अल्कोहोलच मिळेना. लोकांचा विश्वास उडाला. तो परत यायला २००३ साल उजाडले, दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या आल्या तेव्हा. आपल्याकडे सरकारने व्याजात सवलत दिली, कारखान्यांनी कर्जे काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या आणि ७ डिसेंबर २०२३ ला, हंगाम ऐन भरात असताना, रसापासून इथेनॉल करू नका असा आदेश आला. पाऊस कमी, साखर महाग होईल, निवडणूक तोंडावर. पुढच्या ऑगस्टात बंधन उठले. कारखान्याच्या कर्जाचे व्याज मधले महिने थांबले नव्हते, आणि ते कुणाच्या बिलातून गेले हे आम्हाला सांगायला नको. साखरेच्या किमान विक्री दराचेही तेच. २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला, उसाचा दर जवळपास दरवर्षी वाढवत नेला आणि साखरेचा तिथेच ठेवला. मग कारखाना चौदा दिवसांत पैसे कुठून देणार? चेअरमनसाहेबांची बाजू घेतोय असे समजू नका, त्यांचे हिशेब वेगळेच असतात.

हे आपल्याकडेच होते असेही नाही. इंडोनेशियाने एप्रिल २०२२ मध्ये पामतेलाची निर्यात बंद केली, झाडावरच्या फळांचे भाव कोसळले, शेतकरी रस्त्यावर आले, महिन्याच्या आत बंदी उठवावी लागली. अर्जेंटिनात २००८ मध्ये सोयाबीनवरचा निर्यात कर वाढवला तर शेतकऱ्यांनी महिनोन् महिने रस्ते अडवले आणि शेवटी सिनेटमध्ये समसमान मते पडल्यावर खुद्द उपाध्यक्षांनीच सरकारच्या विरोधात मत दिले. जिथे गरीब माणसाची निम्मी कमाई पोटावर खर्च होते, तिथले सरकार अन्न स्वस्त ठेवायला बघणार. यात चूक काही नाही. आपल्या २०१२ च्या पायावरच्या महागाई निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा ४६ टक्क्यांच्या आसपास होता. प्रश्न एवढाच की ते स्वस्त ठेवण्याचा खर्च तिजोरीतून करायचा की एका रात्रीत आदेश काढून शेतकऱ्याच्या खिशातून. तिजोरीतून करायचा तर अर्थसंकल्पात दाखवावा लागतो. आदेशाला काही दाखवावे लागत नाही. लेखकाने सुधारणांची लांबलचक यादी दिली आहे, त्यात हे नाही.

मानसिकतेबद्दल शेवटचे एक. आमच्याच तालुक्यात येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीला बळीराजा धरण आहे. ऐंशीच्या दशकात लोकांनी नदीतली वाळू विकून, श्रमदान करून ते बांधले. पाणी सगळ्या कुटुंबांना, भूमिहीनांनासुद्धा, आणि त्या पाण्यावर ऊस नाही, असे त्यांनी आपणहून ठरवले. तेव्हा ऊस न लावायची मानसिकता आम्हाला पुण्याहून आणावी लागत नाही. मात्र ते पाणी गावाचे होते, वाटणी गावाने केली. टेंभूचे पाणी सरकारचे, आवर्तन (पाण्याची पाळी) कधी सुटणार ते अधिकारी आणि आमदार ठरवणार. पुढचे आवर्तन नक्की केव्हा हे ठाऊक नसेल तर भाजीपाला कोण लावील? ऊस पंधरा-वीस दिवस ताण सोसतो.

माझे म्हणणे थोडके आहे. वीजबिलातला ८१ टक्क्यांचा वाटा सरकारने जरूर भरावा, पण द्राक्ष-डाळिंब घेणाऱ्या प्रत्येक दलालाकडून बाजार समितीने आधी अनामत घ्यावी, आणि पैसे बुडाले तर त्यातून शेतकऱ्याला चौदा दिवसांत मिळावेत. चौदाच म्हणतो, कारण उसाला जमते. आवर्तनाच्या तारखा हंगामाआधी जाहीर कराव्यात आणि पाळाव्यात. एवढे दोन हंगाम करून बघावे, आणि मग आमची मानसिकता तपासायला खुशाल यावे. चहा घरी घेऊ.

तूर्त पत्र इथेच थांबवतो. परवा तोड येईल म्हणून कारखान्याच्या चिटबॉयने, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्याने, सांगितले आहे. तीन आठवड्यांत हे त्याने तिसऱ्यांदा सांगितले. उसाला तुरे आले आहेत.

कळावे.

आपला,
एक वाचक,
ता. खानापूर, जि. सांगली