प्लॉटच्या जाहिरातीत पुराचं पाणीपण छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकात प्लॉटच्या जाहिराती बघितल्या की मला हसू पण येतं आणि पोटात पण दुखतं. 'आज घ्या, पाच वर्षांत डबल', 'बसस्टँडपासून पाच मिनिटं', वगैरे. सगळं छापतात, फक्त 2019 च्या पुरात तिथं पाणी कुठपर्यंत होतं तेवढं सोडून.

माझंच सांगतो. 2009 च्या मे महिन्यात सांगलीत शामरावनगरकडं प्लॉट घेतला, आठ लाखाला. एजंटनं भर उन्हात दाखवला, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, तिथं पाणी येईल हे कुणाच्या डोक्यात येणार. चार वर्षांपूर्वीच 2005 चा पूर होऊन गेलेला, तरी मी शेजारच्या एका पण घरात जाऊन विचारलं नाही, ही चूक माझीच. स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, एजंटचं कमिशन, मुरुमाची भर असं करत नऊ लाखाला पडला. मग 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी 45 फूट आहे), आणि लोक सावरतायत तोवर 2021 ला परत पाणी. नेमकं त्याच वेळी मला आईच्या ऑपरेशनसाठी पैसे पाहिजे होते तर प्लॉटला गिऱ्हाईकच नाही, जो येईल तो पहिलं विचारणार पाणी किती होतं, आणि मी काय खोटं बोलणार. शेवटी सोनं गहाण ठेवून भागवलं.

2024 ला वीस लाखाला गेला एकदाचा. पाहुणे म्हणतात डबलच्या वर झाले की राव! पण 15 वर्षं लागली ते कुणी धरत नाही. वर्षाला साडेपाच टक्के पडतात, मोकळ्या जागेचा टॅक्स आणि दर पावसाळ्यानंतर झुडपं काढायची मजुरी वेगळीच. तेच नऊ लाख सात टक्क्यानं एफडीत ठेवले असते तर पावणेपंचवीस लाखाच्या आसपास झाले असते, टॅक्स दोन्हीकडं आहेच, आणि ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बँकेत जाऊन मोडता आली असती.

जागेत पैसा नाहीच असं माझं म्हणणं नाही. मेहुण्यानं मिरज रोडला गाळा घेतला, त्याच्या भाड्यावर दोन पोरं शिकली. पण तो गाळा पण लॉकडाऊनमधे सात महिने बंद होता आणि हप्ता चालूच, हे तो लग्नकार्यात सांगत नाही. फ्लॅटचं तर विचारूच नका, 45 लाखाच्या फ्लॅटला 11 हजार भाडं म्हणजे वर्षाला तीन टक्के पण नाही, त्यातून मेंटेनन्स आणि घरपट्टी वजा, मग कर्ज काढून भाड्यासाठी फ्लॅट घेणारा नक्की कुठल्या भावानं हिशोब करतो मला कळत नाही. भाव वाढेल या एका आशेवरच सगळं.

माझी मागणी साधी आहे. रेराचा (घरं-प्लॉटच्या विक्रीवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नंबर आणि आता क्यूआर कोड जाहिरातीत टाकावाच लागतो, मग प्लॉट निळ्या पूररेषेच्या आत, निळ्या-लाल रेषेच्या मधे का लाल रेषेच्या बाहेर, आणि 2005, 2019, 2021 ला तिथं किती फूट पाणी होतं, एवढी एक ओळ पण सक्तीची करा. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतनं एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे 100 वर्षांतनं एकदा असं कागदावर आहे, पण सांगलीकरानं 17 वर्षांत तीन महापूर बघितले. सरकार करेल तेव्हा करेल, तुमच्या पेपरनं जाहिरात घेतानाच ही ओळ मागितली तर कोण अडवणार आहे?

मी ज्याला विकला त्याला तिन्ही वर्षांचं पाणी तोंडानं सांगितलं होतं. त्यानं लगेच दीड लाख पाडून मागितले, आणि मी दिले.

आपला,
एक जुना वाचक, विश्रामबाग, सांगली