गनमेटलचे तीन बुश

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "कोल्हापुरात चोऱ्या वाढल्यात म्हणे, कामं नाहीत म्हणून का रे?" लेथवर जॉब लावलेला होता, 'हो हो' म्हणून फोन ठेवला. पण प्रश्न डोक्यातनं जाईना, कारण माझ्याच शॉपमध्ये चोर निघालाय.

पोरगं चार वर्षं माझ्याकडं होतं. हात असा की व्हर्नियर लावायच्या आधी माप सांगायचं. गेल्या महिन्यात त्याच्या डब्याच्या पिशवीत गनमेटलचे तीन बुश सापडले, तांब्याच्या मिश्रधातूच्या त्या पोकळ कड्या. खाली भाकरी, वर खर्ड्याची पुडी, मध्ये फडक्यात गुंडाळलेले बुश. भंगारात त्याचे कितीसे आले असते? मला रागापेक्षा त्याच्या हिशेबाचंच नवल वाटलं.

मग हिशेब कळला. घर नदीकाठच्या गावात. 2019 च्या महापुरात एक भिंत गेली, पुढच्या वर्षी लॉकडाऊननं बापाची हमाली बसली, 2021 ला परत पाणी आलं. कागदपत्रं वाहून गेलेली, बँक दारात उभं करीना. सावकाराकडनं पन्नास हजार उचलले, महिना दहा टक्क्यांनी. म्हणजे पाच हजार नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी! आधी गाडी ओढून नेली, मग आईच्या कानातलं गेलं, मग माझे बुश.

आता सांग, यातला पहिला गुन्हा कुठला? 2014 च्या कायद्यानं विनापरवाना सावकारी हा गुन्हाच आहे. पण तक्रार द्यायची कुणी? ज्याला उद्या परत त्याच दारात जायचंय त्यानं? म्हणून पोलिसांच्या वहीत लागले असते तर माझे बुश. व्याज कुठंच लागत नाही.

आकड्यांचंही तसंच. 2020 साली एवढी बेकारी, तरी देशात चोरीच्या नोंदी घटल्या. सगळे घरातच, कुलूप फोडणार कुणाचं? 2008 च्या मंदीनंतर अमेरिकेतही गुन्हे उतरलेच. उलट एकोणिसाव्या शतकातल्या बव्हेरियात राय हे धान्य महागलं की चोऱ्या वाढायच्या आणि स्वस्त झालं की मारामाऱ्या! त्याच धान्याची तिथं भाकरी. एवढं वाचल्यापासून 'गरिबी आली की गुन्हेगारी आली' असं कुणी ठोकून दिलं की मी गप्प बसतो. पोटाची चोरी वेगळी, पोट भरलेल्याची दांडगाई वेगळी.

आणि चोरालाच बिचारा म्हणत बसायलाही माझं मन घेत नाही. मेव्हण्याच्या पाण्याच्या मोटारीची केबल मध्यंतरी तोडून नेली. वरचं रबर जाळून तांबं काढतात, काठावर काळा डाग तेवढा राहतो. चोराला चार पैसे सुटले असतील, पण नवी केबल येईपर्यंत ह्याची पाण्याची पाळी चुकली आणि ऊस वाळला. मेव्हणा तरी कुठला गडगंज लागून गेलाय?

आपल्या शाहू महाराजांनी 1918 साली महार, मांग, रामोशी, बेरडांची, गुन्हेगार समजून रोज घेतली जाणारी हजेरी बंद केली. फासेपारधी म्हणजे चोरच, असं सरकारी कागद म्हणत असताना त्यांना पहारेकरी म्हणून ठेवलं. शाळेत आपण हे पाठ करून मार्क मिळवले. माझ्यावर वेळ आली तेव्हा मी काय केलं? तक्रार दिली नाही, पण ठेवूनही घेतलं नाही. पगाराचा हिशेब केला आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणालो. बाकीची पोरं बघत होती, असं मी मला सांगतो.

परवा त्याची आई येऊन शॉपच्या पायरीवर बसली. काही मागितलं नाही. चहा पण घेतला नाही.

तुझ्या चाकणच्या ओळखीत टर्नरची जागा आहे का बघ. राहायची सोय असली तर बरं. बुशचं तिथं सांगायचं की नाही ते तू ठरव, मला ठरवता येईना.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या