मानेवाड्याच्या ताईंना

सप्रेम नमस्कार.

ताई, हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवलं असतं तर "आभार कायचे मानून राहिली गं, आज भाजी कोणती केली ते सांग" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. आता तरी पूर्ण वाचा.

आपल्या नागपूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाच नावाच्या तिघी. त्यामुळे एक महालची, एक जरीपटक्याची आणि तुम्ही मानेवाड्याच्या ताई. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये घरपोच किराणा कोण देतो हे विचारायला आपण एकत्र आलो. किराणा मिळायला लागला, बोलणं मात्र थांबलं नाही. सकाळी नळ आला का, मे महिन्यात कूलरच्या ताट्या बदलल्या का, बर्डीच्या बाजारात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी कितीला मिळाली, असंच सगळं. माझ्या आईची शुगर 240 वर गेली की मी ते लिहायची. तुम्ही लिहायच्या, "त्यांना रागावू नको, रात्री पुरणपोळी कोणाच्या हातून खाल्ली ते शोध." साडेतीन वर्षं रोज बोललो, आणि भेट एकदाही नाही.

22 सप्टेंबर 2023 ला शुक्रवारी आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. आंबील, पुरण, सोळा भाज्या. रात्री तुम्ही तुमच्या घरच्या महालक्ष्म्यांचा फोटो पाठवला, मी आमच्या. भांडी घासून झोपायला एक वाजला. मग पाऊस सुरू झाला. त्या रात्री नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला आणि अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, हे आम्हाला नंतर कळलं. आम्ही डागा ले-आऊटमध्ये तळमजल्यावर. मला एवढंच कळलं की पहाटे पलंगावरून पाय खाली ठेवला तो पोटरीभर पाण्यात गेला. लाइट नव्हती. ह्यांनी आणि मुलाने आईला उचलून वरच्या वहिनींकडे नेलं. मी परत फिरले तेव्हा पाणी कमरेला लागत होतं, फ्रिज आडवा होऊन तरंगत होता, आणि समोरच्या खोलीत ज्येष्ठा-कनिष्ठा पाण्यात उभ्या होत्या. नवी लुगडी पाण्यावर पसरलेली. दोन्ही मुखवटे पदरात घेतले आणि जिना चढले. बाकी काही घेता आलं नाही.

फोनमध्ये 9 टक्के चार्जिंग होतं. ग्रुपवर एवढंच लिहिलं, "घरात पाणी शिरलं. आईला वर नेलं."

पहाटेचे चार वाजले होते, तरी तुमचं उत्तर लगेच आलं. काय हवं, असं तुम्ही विचारलंच नाही. लिहिलं होतं, "इन्सुलिन फ्रिजमध्येच होतं ना?"

ताई, तोवर माझ्या स्वतःच्या डोक्यात इन्सुलिन आलं नव्हतं. आईची मुलगी मी, आणि आठवण तुम्हाला.

त्याआधी उन्हाळ्यात एकदा आमच्याकडच्या दुकानात आईचं इन्सुलिन संपलं होतं. तेव्हा कुठे मिळतं का बघा म्हणून मी डॉक्टरांच्या चिठ्ठीचा आणि खोक्याचा फोटो ग्रुपवर टाकला होता. तुम्ही त्या पहाटे मागे मागे जात चार महिन्यांचे मेसेज चाळले, तो फोटो शोधला आणि दुकान उघडायच्या आधी शटरपाशी जाऊन उभ्या राहिलात. पाणी उतरल्यावर दुपारी तुम्ही आलात. गाडी शंकरनगरला ठेवून, साडी खोचून, चिखल तुडवत. तुमच्या हातात स्टीलचा डबा होता. डब्यात बर्फ, बर्फावर रुमालाची जाड घडी आणि त्यावर इन्सुलिनची पेनं, कारण ते बर्फाला टेकून गोठलं की वाया जातं. दुसऱ्या पिशवीत आईसाठी दोन गाऊन, समोर बटणं असलेले. तिचा उजवा खांदा दुखतो, डोक्यावरून कपडा घालता येत नाही, हे मी कधी लिहिलं होतं ते मलाच आठवत नाही.

आईने तुम्हाला पाहिलं आणि पहिलं वाक्य काय म्हणाली? "तुम्ही मानेवाड्याच्या ना? तुमचं भरीत मी फोटोत पाहिलं आहे."

मग तुम्ही वहिनींच्या घरी मुखवटे पाटावर मांडले, हळदकुंकू लावलं, सोबत आणलेल्या दहीभाताचा नैवेद्य दाखवला. महालक्ष्म्या जायचा दिवस होता तो. रीत मोडली नाही, ही गोष्ट आईला इन्सुलिनपेक्षा मोठी वाटते, अजूनही.

बाकीच्याही धावल्या. महालच्या ताईंनी ओळखीचा वायरमन पाठवला. पुण्याला गेलेल्या मैत्रिणीने फोनवर बजावलं की गाळ उपसायच्या आधी पंचनाम्यासाठी प्रत्येक खोलीचे फोटो काढा. भिजलेल्या कापसाच्या गाद्या इतक्या जड झाल्या होत्या की एक गादी बाहेर काढायला चार माणसं लागली. त्या चारांतला एक जरीपटक्याच्या ताईंचा मुलगा. ह्या सगळ्यांचेही मनापासून आभार.

पण अल्बम तुम्ही नेला. दिवाणातला, गाळाने माखलेला, आई-बाबांच्या लग्नाचा. मी तो फेकायला काढला होता. तुम्ही म्हणालात, ओला आहे तोवरच हात लावायचा, वाळला की फोटो एकमेकांना चिकटून बसतील. घरी नेऊन परातीत स्वच्छ पाणी घेऊन एकेक फोटो सोडवलात आणि पंख्याखाली दोरीवर चिमट्यांनी लावलात. एकतीसपैकी बावीस वाचले. बाबांचा मुंडावळ्या बांधलेला फोटो वाचला. त्याचा एक कोपरा गेला आहे, चेहरा आहे. ताई, बाबांचा त्या वयातला दुसरा फोटो आमच्याकडे नाही.

मी रडायला लागले तेव्हा तुम्ही म्हणालात, "2021 च्या एप्रिलात आमच्या घरचे अकरा दिवस ऑक्सिजनवर होते, तवा तू रात्री तीन वाजता माझ्याशी बोलत बसायचीस. विसरली काय?" खरंच विसरले होते. आपण तेव्हा बोललो काय, तर आंब्याच्या लोणच्याबद्दल. त्याचा तुम्हाला आधार झाला असेल, हे तुम्ही सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं.

घर आता लागलं आहे. भिंतीवर गुडघ्याच्या वर ओल दिसते, ती उन्हाळ्याशिवाय जायची नाही. आई रोज सकाळी चहा घेताना विचारते, "मानेवाडा काय म्हणतो?" मग मी तिला तुमचे मेसेज वाचून दाखवते.

तुमचा स्टीलचा डबा माझ्याकडेच राहिला आहे. तो रिकामा परत द्यायचा नव्हता. चकलीची भाजणी काल गिरणीतून आली. रविवारी चकल्या घेऊन आईलाही सोबत आणते. तिला तुमच्या हातचं भरीत खायचं आहे. वांगी आम्हीच आणतो.

तुमची,
डागा ले-आऊटची